परक्या आवाजातला लिअर : एस्टोनियाचा नट युरी यॅर्वेत

१९७१ साली लेनिनग्राडच्या लेनफिल्म स्टुडिओचा ‘किंग लिअर’ पडद्यावर आला. त्यात राजा प्रथम दिसत नाही, ऐकू येतो. दरबार ताटकळत उभा आहे, चेहऱ्यांवर भीती आहे आणि दाराआडून हसण्याचा आवाज येतो. मग दार उघडते आणि विदूषकाशी थट्टा करीत, मुखवट्याशी खेळत एक लहानखुरा म्हातारा आत येतो. अंगापिंडाने किरकोळ, केस पांढरे आणि पिंजारलेले. हा थेट शेकोटीच्या उबेला जाऊन बसतो. राज्याची वाटणी करायला आलेला सम्राट तो हाच, हे कळायला प्रेक्षकाला क्षणभर लागतो.

हे काम करणारा नट तेव्हा पन्नाशीचा होता. पडद्यावर ऐकू येणारा आवाज त्याचा नव्हता. जगभरच्या श्रेयनामावलीत छापलेले नाव त्याच्या मातृभाषेतल्या उच्चारासारखे नव्हते. आणि जन्माच्या वेळी ठेवलेले नाव तर तिसरेच होते.

त्याची ही हकीकत. ती एका नटाची आहे, तशीच एका छोट्या भाषेचीही आहे.

१८ जून १९१९ रोजी टॅलिन शहरात एक मुलगा जन्मला. नाव गेओर्गी कुझ्नेत्सोव्ह. एस्टोनियाने स्वातंत्र्य जाहीर करून तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते आणि ते टिकेल की नाही, याचा निकाल रणांगणावर लागत होता. मुलगा पाच दिवसांचा असताना, २३ जूनला, एस्टोनियन सैन्याने बाल्टिक जर्मनांच्या फौजेचा व्होन्नूच्या लढाईत पराभव केला. तो दिवस तिथे आजही विजयदिन म्हणून पाळला जातो. पुढे २ फेब्रुवारी १९२० रोजी तार्तूच्या तहाने सोव्हिएत रशियाने या देशाचे स्वातंत्र्य मान्य केले.

हा देश आजही सुमारे तेरा लाख लोकांचा. भाषा फिनिशची बहीण, हंगेरियनची दूरची नातलग. म्हणजे युरोपातल्या बहुतेक भाषा ज्या कुळातल्या, त्या कुळाबाहेरची. गंमत अशी की रशियन भाषा मराठीची लांबची का होईना, पण चुलत बहीण लागते. एस्टोनियन मात्र रशियनच्या दारात शतकानुशतके राहूनही तिची कोणीच लागत नाही. रशियन माणसाला ती ऐकून समजत नाही आणि एस्टोनियन माणसाला रशियन शिकावीच लागते. पुढच्या हकिकतीची किल्ली या साध्या गोष्टीत आहे.

स्वतंत्र झालेल्या देशाने १९३०च्या दशकाच्या मध्यावर आडनावे बदलण्याची मोठी मोहीम हाती घेतली. जमीनदार जर्मन, राज्यकर्ता रशियन, यांच्या काळात मिळालेली परभाषिक नावे टाकून एस्टोनियन नावे घ्यावीत, असे आवाहन झाले आणि सुमारे दोन लाख लोकांनी ते मानले. १९३८ साली गेओर्गी कुझ्नेत्सोव्हनेही नाव बदलले. कुझ्नेत्सोव्ह म्हणजे रशियनमधला ‘लोहार’. त्याजागी आले यॅर्वेत. एस्टोनियनमध्ये ‘यॅर्व’ म्हणजे सरोवर. गेओर्गीचा झाला युरी. ती त्याच संताच्या नावाची एस्टोनियन तऱ्हा.

पुढच्या दोनच वर्षांत ज्या राज्याच्या उत्साहात हे नाव घेतले, ते राज्यच उरले नाही. जून १९४० मध्ये सोव्हिएत सैन्य आले. १९४१ मध्ये जर्मन आले. १९४४ मध्ये पुन्हा सोव्हिएत. ९ मार्च १९४४च्या रात्री सोव्हिएत विमानांनी टॅलिनवर बाँब टाकले, तेव्हा ‘एस्टोनिया’ नाट्यगृह जळाले. ते नाट्यगृह १९१३ साली लोकवर्गणीतून उभे राहिले होते आणि त्या शहरात लोकांच्या भाषेने स्वतःसाठी बांधलेली ती सर्वांत मोठी वास्तू होती. नाट्यगृह जळणे म्हणजे काय, हे अशा देशात निराळे सांगावे लागत नाही.

युद्धानंतर टॅलिनमध्ये राज्य नाट्यसंस्था सुरू झाली. तिचे आयुष्य फार थोडे ठरले. १९४६ ते १९५० एवढीच ती चालली. यॅर्वेत १९४९ साली तिथून शिकून बाहेर पडला. वय तीस. नायकाचे वय सरत आलेले, उंची नायकाची नाही, चेहरा देखणा म्हणावा असा नाही. याच वर्षी, २५ मार्चपासून चारेक दिवसांत, एस्टोनियातून वीस हजारांहून अधिक माणसांना, त्यांत बहुतांश बायका, मुले आणि म्हातारे, गुरांच्या डब्यांतून सायबेरियाकडे पाठवण्यात आले. पुढच्या मार्चमध्ये पक्षाच्या आठव्या पूर्ण बैठकीने ‘बूर्झ्वा राष्ट्रवादी’ हुडकण्याचा सपाटा लावला आणि लेखक, प्राध्यापक, नाट्यकर्मी यांची पदे धडाधड गेली. रंगभूमीवर पाऊल ठेवायला याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता.

तरी नाटक एस्टोनियन भाषेतच चालू राहिले, हे ध्यानात घ्यायला हवे. सोव्हिएत व्यवस्थेत प्रत्येक प्रजासत्ताकाला त्याच्या भाषेतले नाट्यगृह, तालमीचा पगार आणि कायमची मंडळी मिळत असत. काय बोलायचे, यावर पहारा होता. कोणत्या भाषेत बोलायचे, यावर तितका नव्हता. परिणाम असा झाला की छापील शब्दाला जे सांगता येत नसे, ते नटाच्या एका थांबण्यात, एका भुवईत सांगता येऊ लागले आणि प्रेक्षक ते ऐकायला शिकला. यॅर्वेतच्या अभिनयातली काटकसर या शाळेतली आहे.

त्याचे नाव जोडले जाते ते टॅलिनच्या एस्टोनियन ड्रामा थिएटरशी. इमारत १९१०ची आणि मुळात शहरातल्या जर्मनांच्या नाटकांसाठी बांधलेली. तिथल्या वातावरणावर पुढे सर्वांत मोठी छाप पडली ती वोल्देमार पान्सो या दिग्दर्शकाची. पान्सो मॉस्कोत शिकून आलेला. १९५७ साली त्याने टॅलिनच्या संगीत विद्यालयात नाट्यविभाग काढला, १९६५ साली युवा रंगभूमीची स्थापना केली आणि एस्टोनियन नटांच्या दोन पिढ्या घडवल्या. यॅर्वेत त्याच्याहून एका वर्षाने मोठा. शिष्य म्हणण्यापेक्षा सोबती म्हणणे योग्य.

हे दोघे एकत्र दिसतात त्या चित्रपटावर थोडे थांबले पाहिजे, कारण लिअरकडे जाण्याची वाट तिथून निघते.

चित्रपटाचे नाव ‘हुल्लुमेल्सुस’, म्हणजे ‘वेडेपणा’. दिग्दर्शक काल्यो कीस्क, निर्मिती १९६८. महायुद्धाचा काळ, नाझींच्या ताब्यातले एक नाव नसलेले गाव आणि तिथले वेड्यांचे इस्पितळ. रुग्णांना ठार करायला सैनिक आलेले असतात. एवढ्यात गेस्टापोला खबर लागते की या वेड्यांमध्ये एक इंग्रज हेर लपला आहे. तो शोधायला विंडिश नावाचा अधिकारी डॉक्टर बनून येतो. पान्सोने इस्पितळाच्या प्रमुख डॉक्टरचे काम केले आणि यॅर्वेतने विंडिशचे. विंडिश एकेका रुग्णाची उलटतपासणी घेतो. प्रत्येक जण संशयास्पद वाटतो, कारण संशय हाच त्याचा धंदा आहे. हळूहळू इस्पितळात नेमके वेडे कोण, हे सांगता येईनासे होते.

यॅर्वेत हा अधिकारी अक्राळविक्राळ करीत नाही. तो नीटनेटका आहे, मृदू बोलतो, कामसू आहे. एखाद्या कचेरीतला हिशेबनीस चूक सापडत नाही म्हणून अस्वस्थ व्हावा, तशी त्याची अस्वस्थता वाढत जाते. नाझी गणवेशाआडून कोणत्या यंत्रणेबद्दल बोलले जात आहे, हे पाहणाऱ्याला कळत होते, तसेच सेन्सॉरलाही कळले. १९६८च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले होते. मॉस्कोचा मूड रूपके समजून घेण्याचा नव्हता. चित्रपटाला एस्टोनियात दाखवण्यापुरती मुभा मिळाली. उरलेल्या संघराज्याने तो पाहिला तो १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात, गोर्बाचेव्हच्या काळात.

आता लिअर.

ग्रिगोरी कोझिन्त्सेव हा सोव्हिएत चित्रपटाच्या पहिल्या पिढीतला. त्याचा १९६४चा ‘हॅम्लेट’ जगभर गाजला होता. लिअर मात्र त्याच्या डोक्यात त्याहून जुना. १९४१ साली त्याने लेनिनग्राडमध्ये तो रंगमंचावर बसवला होता आणि संगीत शोस्ताकोविचचे होते. आता चित्रपटालाही संगीत शोस्ताकोविचचेच आणि भाषांतर बोरीस पास्तरनाकचे.

अडचण एकच. लिअर कोण?

लिअर म्हटले की धिप्पाड देह, छातीवर रुळणारी दाढी आणि वादळावर मात करणारा आवाज, हे समीकरण रंगभूमीने पक्के केले होते. कोझिन्त्सेवला ते नको होते. त्याचा लिअर सत्तेने फुगलेला एक साधा माणूस होता. सत्ता काढून घेतली की तो गर्दीत हरवून जायला हवा, इतका साधा. चाचण्या झाल्या, नट आले आणि गेले. यॅर्वेतला लेनिनग्राडला बोलावले गेले ते एका भिकाऱ्याच्या छोट्या कामासाठी. कोझिन्त्सेवने चित्रपटाच्या निर्मितीवर पुढे पुस्तक लिहिले, त्यात ही निवड कशी होत गेली ते आले आहे. छोट्या भूमिकेसाठी आलेल्या या माणसाचे डोळे दिग्दर्शकाच्या मनातून जाईनात. भिकाऱ्याच्या जागी उभा राहिलेला माणूस राजा ठरला. राजाचा भिकारी होण्याची गोष्ट सांगणाऱ्या चित्रपटात नटाचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला, हा योग शेक्सपिअरलाही आवडला असता.

पण या नटाची रशियन भाषा कच्ची होती. शब्द येत होते, पण पास्तरनाकच्या ओळी सहज तोंडून निघाव्यात इतकी ती त्याची नव्हती. तेव्हा पडद्यावर ओठ यॅर्वेतचे आणि आवाज झिनोवी गेर्टचा, असे ठरले.

गेर्टची निवडही नमुनेदार. तो मॉस्कोच्या प्रसिद्ध बाहुलीनाट्यगृहातला नट. पडद्याआड उभे राहून दुसऱ्याच्या, म्हणजे बाहुलीच्या, तोंडी आवाज घालण्यात त्याचे आयुष्य गेले होते. १९४३ साली युद्धात पायाला झालेल्या जखमेने तो कायमचा लंगडत असे. त्याच्या खरखरीत, दमलेल्या, तरी विनोदाची धार न सोडणाऱ्या आवाजाने लिअर बोलला. दोन्ही नट बुटके, दोन्ही उपरोधाकडे झुकणारे. हे कलम इतके बेमालूम बसले की कित्येक रशियन प्रेक्षकांना हा आवाज त्या चेहऱ्याचा नाही, हे माहीतच नव्हते.

यात गमावले काय? पुष्कळ. नटाचा आवाज म्हणजे त्याचे अर्धे शरीर. टॅलिनच्या प्रेक्षकाला ओळखीचा असलेला यॅर्वेत लिअरमध्ये ऐकू येत नाही. पण त्याच्या वाट्याला आलेली भूमिका पाहिली, म्हणजे उरलेल्या अर्ध्यातून त्याने काय उभे केले ते दिसते. वादळात माळरानावर चालताना कॅमेरा वरून पाहतो आणि राजा एक ठिपका होतो. भिकाऱ्यांनी भरलेल्या खोपटात तो शिरतो तेव्हा, हे लोक आपल्याच राज्यात राहत होते, हे त्याला पहिल्यांदा उमगते. आणि ते उमगणे शब्दाआधी चेहऱ्यावर येते. अखेरीस कॉर्डेलियाला फाशी दिल्यानंतरचा त्याचा आक्रोश किल्ल्याच्या तटावरून येतो. सैनिक माना वर करून पाहतात. तिथे भाषा कोणतीच नाही.

या चित्रपटाच्या नटवर्गाकडे पाहिले तर यॅर्वेत एकटा नव्हता, असे दिसते. एडमंड रेगिमांतास आदोमाइतिस, आल्बनी दोनातास बानियोनिस, फ्रान्सचा राजा युओझास बुद्राइतिस, हे तिघे लिथुआनियाचे. गॉनरिल झालेली एल्झा राद्झिना आणि ग्लॉस्टर झालेला कार्लिस सेब्रिस लाटव्हियाचे. कॅमेऱ्यामागचा योनास ग्रित्सिउसही लिथुआनियन. इंग्लंडचे राजघराणे उभे करायला सोव्हिएत चित्रपटाने बाल्टिक किनारा गाठला होता.

हा अपघात नव्हता. सोव्हिएत पडद्याला जर्मन अधिकारी, अमेरिकन हेर, इंग्रज सरदार लागत आणि बाल्टिक नटांचे चेहरे, चालणे, कपडे वागवण्याची ढब मॉस्कोच्या प्रेक्षकाला ‘पाश्चात्त्य’ वाटे. उच्चारही परका, तो अडचणीचा ठरला की डबिंग करून टाकायचे. म्हणजे या नटांना संघराज्यभर कीर्ती मिळाली ती आपल्याच देशातले परदेशी म्हणून. स्वतःच्या भाषेतला, स्वतःच्या मातीतला माणूस त्यांनी साकारला तर तो घरी राहायचा. विंडिशसारखा फारच खरा निघाला तर त्याला सीमेवर अडवले जायचे.

मराठी वाचकासाठी एक तारीख इथे नोंदवण्याजोगी. कोझिन्त्सेवच्या ‘लिअर’चे काम पूर्ण होत होते त्याच सुमारास, २३ डिसेंबर १९७० रोजी, वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग झाला. गणपतराव बेलवलकर झालेले डॉ. श्रीराम लागू तेव्हा ४३ वर्षांचे होते, यॅर्वेत ५१ वर्षांचा. शेक्सपिअरचा राजा ऐंशी उलटलेला. पीटर ब्रूकचा पॉल स्कोफिल्ड अभिनीत इंग्रजी ‘लिअर’ही १९७१चाच. एकाच हिवाळ्याच्या आगेमागे तीन भाषांत तीन म्हातारे घराबाहेर पडले. ब्रूक आणि कोझिन्त्सेव यांचा या विषयावर पत्रव्यवहार होता. मराठीतल्या म्हाताऱ्याचा या दोघांना पत्ता नव्हता.

पुढच्याच वर्षी, १९७२ साली, आंद्रेई तारकोव्हस्कीचा ‘सोलारिस’ आला. कान महोत्सवात त्याला परीक्षकांचे विशेष ग्रँड प्री मिळाले आणि यॅर्वेतचा चेहरा पुन्हा जगभर फिरला. स्तानिस्वाव लेमच्या कादंबरीवरचा हा चित्रपट एका अनोळखी ग्रहाभोवती फिरणाऱ्या अंतराळस्थानकात घडतो. यॅर्वेत तिथला शास्त्रज्ञ स्नाऊट. स्थानकावरच्या ग्रंथालयात त्याचा वाढदिवस आहे आणि वाढदिवसाचा मानकरीच उशिरा उगवतो, जाकिटाची बाही फाटलेली, किंचित झोकांडत. मग तो बोलू लागतो : माणूस ताऱ्यांकडे निघतो खरा, पण त्याला नवी जगे नको असतात, त्याला स्वतःची ओळख पटवणारा आरसा हवा असतो, अशा अर्थाचे. सगळ्या चित्रपटाचा भार त्या बोलण्यावर आहे. दुसरा कोणी नट तिथे तत्त्वज्ञ झाला असता. यॅर्वेत थकलेला, जरासा प्यालेला, लाजलेला म्हातारा राहतो, म्हणून ते विचार खरे वाटतात.

आणि इथेही आवाज त्याचा नाही. स्नाऊट बोलतो व्लादिमिर तातोसोव्हच्या गळ्यातून. समोरचा केल्व्हिन म्हणजे लिथुआनियाचा बानियोनिस. त्यालाही आवाज व्लादिमिर झामान्स्कीचा. म्हणजे मानवाच्या एकाकीपणावरचा हा गाजलेला संवाद करणाऱ्या दोघांपैकी एकाचेही शब्द स्वतःच्या कंठातले नाहीत. एक एस्टोनियन आणि एक लिथुआनियन, पृथ्वीपासून दूर, उसन्या रशियनमध्ये एकमेकांना धीर देत आहेत.

१९७५ साली यॅर्वेतला ‘सोव्हिएत संघाचा लोककलावंत’ हा किताब मिळाला. रंगकर्मीला त्या राज्यात याहून मोठा सन्मान नव्हता. रशियन लिपीत त्याचे नाव ‘यार्वेत’ झाले होते, कारण एस्टोनियनमधला तो मधला ‘ॲ’ त्या लिपीत नीट बसत नाही. त्या रशियन रूपावरून इंग्रजीत आले ‘यूरी यार्वेत’. दफ्तरी रिवाजाप्रमाणे मध्ये ‘येव्गेन्येविच’ हे वडिलांचे नावही चिकटले. मराठी माणसाला मधले नाव वडिलांचे असणे स्वाभाविक वाटेल, रशियनालाही वाटते. एस्टोनियन लोकांत तशी चाल नाही. १९३८ साली जाणूनबुजून मागे टाकलेली रशियन नावाची घडी अशी मागल्या दाराने परत आली.

१९७९ साली त्याला घरच्या भाषेत एक मजेदार काम मिळाले. स्त्रुगात्स्की बंधूंच्या कथेवरून ग्रिगोरी क्रोमानोव्हने ‘मृत गिर्यारोहकाचे हॉटेल’ केला, टॅलिनफिल्मसाठी. चित्रीकरण कझाकस्तानच्या बर्फाळ डोंगरांत, संगीत स्वेन ग्रुनबेर्गचे, त्या काळात नवलाईचे वाटणारे इलेक्ट्रॉनिक. हिमकडा कोसळून रस्ता बंद झालेल्या हॉटेलात एक खून होतो आणि पोलीस निरीक्षकाला कळत नाही की पाहुण्यांपैकी माणसे किती आणि परग्रहावरचे किती. यॅर्वेत हॉटेलचा मालक आहे. त्याला सगळे आधीपासून ठाऊक असावे असा संशय येतो, पण तो सांगत काही नाही. आदबीने पेला भरून देतो. माणुसकी की कायदा, असा पेच निरीक्षकापुढे आहे आणि त्याने चुकीची बाजू निवडल्यावर मालकाच्या नजरेत जे उमटते, ते लिअर करून बसलेल्या नटालाच जमावे.

२० ऑगस्ट १९९१ रोजी एस्टोनियाने स्वातंत्र्य पुन्हा प्रस्थापित केले. ३१ ऑगस्ट १९९४ रोजी शेवटचे रशियन सैन्य देशातून परतले. त्यानंतर वर्ष पुरे व्हायच्या आत, ५ जुलै १९९५ रोजी, युरी यॅर्वेत टॅलिनमध्ये वारला. वय ७६. जन्मला तेव्हा देश होता आणि गेला तेव्हाही होता. मधली पन्नास वर्षे त्याने रंगमंचावर आणि कॅमेऱ्यापुढे काढली.

‘किंग लिअर’चा किल्ला नार्वा नदीच्या काठी चित्रित झाला होता. तिथे नदीच्या दोन तीरांवर दोन किल्ले समोरासमोर उभे आहेत, पश्चिमेला नार्वाचा आणि पूर्वेला इवांगोरोदचा. कोझिन्त्सेवने कॅमेरा लावला तेव्हा मधला पूल एकाच राज्यातला होता. आता नदी ही सीमा आहे, आणि ज्या तटाखाली लिअरचे राज्य उभे केले होते, तो इवांगोरोदचा तट रशियाच्या बाजूला आहे.